कृष्णामाईचं अवजल

जानेवारीत भाचीच्या, म्हणजे सईच्या, शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बाईंनी यंदा 'नदी' हा विषय घेतला होता. दोन मुली मंचाच्या दोन टोकांना एक निळी नायलॉनची साडी धरून उभ्या राहिल्या आणि ती हलवून लाटा करायला लागल्या. मध्ये परकर-पोलक्यातल्या सात जणी गायला. माइक सईच्या हातात, कारण तिचा आवाज त्यातल्या त्यात पोचतो. पेटीवर सूर मिळाला, सईने डोळे मिटले आणि सुरू केलं, 'संथ वाहते कृष्णामाई'. पहिली ओळ संपून पेटीचा तुकडा वाजत होता तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, दुकानाबाहेरच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असा खणखणीत. "संथ? मग एकवीस साली आमच्या दुकानात कोण शिरली होती?"

अख्खा मांडव हसला. चिपळूणचा मांडव, एकवीसचा पूर बघितलेला, हसणारच. माझ्या पुढच्या खुर्चीतली एक बाई तेवढी हसली नाही, तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि मंचाकडे बघत राहिली. मी मात्र हसले, चांगली खळखळून हसले, आणि सईने डोळे उघडले ते नेमके माझ्यावर. पुढची ओळ ती विसरली. पेटीवाल्या बाईंनी तोच तुकडा पुन्हा वाजवला, शेजारच्या मुलीने ओळ उचलली, गाणं पुढे गेलं, टाळ्याही पडल्या.

घरी येताना स्कूटरवर मागून प्रश्न आला. "आत्या, तू का हसलीस?"

"अगं, सगळेच हसले."

"सगळे विहिरीत उडी मारतील." हे वाक्य तिला मीच शिकवलेलं. थोडा वेळ गप्प राहून मग म्हणाली, "आणि बाईंनी आपल्या नदीचं, वाशिष्ठीचंच गाणं का नाही बसवलं?"

"नाहीये तसं गाणं."

"का नाहीये?"

बहादूरशेख नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. गरज नव्हती तरी मी हॉर्न वाजवत राहिले.

ते गाणं आमच्या घरात अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. पाळीला जायच्या आधी दाढी करताना ते हेच गुणगुणायचे. गालाला साबण आणि हातात वस्तरा, त्यामुळे 'कृष्णामाई'तला 'मा' नेहमी वाकड्या तोंडाने बाहेर पडायचा. मी आणि माझा भाऊ त्या 'मा'ची नक्कल करून लोळायचो. रविवारी बाजारातून परतताना वाशिष्ठीच्या पुलावर ते थांबत, भाजीची पिशवी कठड्याला टेकवत, खाली बघत आणि म्हणत, "आली बघ माई." मला वाटायचं, गाणं डोक्यात बसलंय म्हणून हे दिसेल त्या नदीला माई म्हणतात. आमची आजी नाही का, दिसेल त्या पोलिसाला फौजदार म्हणायची.

आठवी-नववीत असेन तेव्हा त्यांनी एकदा जेवताना ताटात भाताचा लांबट डोंगर रचला. "हा सह्याद्री. पलीकडे घाट, अलीकडे आपण." पलीकडच्या बाजूला आमटी ओतली. "ही कोयना. महाबळेश्वरला उगवते, डोंगराच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेत जाते. म्हणजे आयुष्यभर आपल्याकडे पाठ." मग त्यांनी भाताला आरपार बोट घातलं. आमटी भोकातून अलीकडे आली आणि हळूहळू लोणच्याच्या दिशेने निघाली. कोयनानगरला अडवलेलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून साडेचारशे मीटरांहून जास्त खाली पोफळीला येतं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, तिथून अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज करून वाशिष्ठीत. "आता सांग, पुलाखालून कोण वाहतं?" आतून आई ओरडली, "अन्नाशी काय खेळता?"

प्रकल्पाचे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. धरणात मावतं १०५.२५ टीएमसी, त्यातलं ६७.५ टीएमसी दर वर्षी पश्चिमेकडे वळवायची मुभा, चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १९६० मेगावॉट. हे सांगताना त्यांचा आवाज दाढीच्या वेळच्या आवाजापेक्षा वेगळा, म्हणजे जरा ताठ असायचा. मला त्यातला एकच हिशेब समजला होता. खेर्डीला मावशीच्या घरामागे नदीत एक काळा खडक होता, म्हशीच्या पाठीसारखा. भर मे महिन्यात आसपासचे पऱ्हे कोरडे पडलेले, विहिरीत कळशी खडखडायची, आणि तो खडक मात्र दुपारी उघडा नि संध्याकाळी बुडालेला. संध्याकाळी मुंबई-पुण्याचे दिवे लागायची वेळ झाली की पोफळीची यंत्रं जोरात फिरायची आणि आमच्याकडे पाणी चढायचं. खडक दिसेनासा झाला की मावशी म्हणायची, "चला, तुझ्या बापाची पाळी लागली."

या पाण्याला कागदावर एक नाव आहे, ते मला फार उशिरा कळलं. अवजल. वीज करून झाल्यावर उरलेलं, सोडून दिलेलं पाणी. कोयनेचं अवजल मुंबईला नेणार, अवजल इकडे वळवणार, अवजल तिकडे वळवणार, अशा बातम्या आमच्याकडच्या पेपरात किती वर्षं येत आहेत. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मी थबकले होते. अवगुण, अवकळा, अवलक्षण, आणि त्या रांगेत जल. तीच बाई सरळ कराडला गेली असती तर प्रीतिसंगमावर तिला हळदीकुंकू वाहिलं असतं, द्रोणातून दिवे सोडले असते. डोंगर फोडून आमच्याकडे आली तर तिचं नाव खरकट्या पाण्यासारखं.

अण्णांनी तो शब्द कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

संमेलनानंतर दोन-तीन दिवस मी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं कानावरून गेलं होतं, पण ते नदीचं कौतुक करणारं गाणं नाहीच. माडगूळकरांनी लिहिलंय काय, तर ही आपली संथ वाहते, आणि काठावरच्या सुखदुःखांची हिला जाणीवही नाही. दत्ता डावजेकरांच्या चालीत आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात ती तक्रार इतकी गोड होऊन येते की तक्रार वाटतच नाही. लिहिणारा माणूस माणदेशातला, जिथे आभाळाकडे बघण्यात हयात जाते. पाण्याला एवढ्या शांतपणे 'तुला काही कळत नाही' असं म्हणायला बहुधा तहानेतूनच यावं लागत असेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आम्ही पाण्यावर कविता करत नाही, पन्हळी दुरुस्त करतो. गाणं ज्या चित्रपटातलं, त्याचंही नाव तेच, साल १९६७. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. अण्णा या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचे, जणू आधी गाणं आलं म्हणून मग जमीन हलली.

दुसरं गाणं भावाने आणलं. तो पुण्याला शिकत होता, दिवाळीला आला तेव्हा बॅगेत भूपेन हजारिकांची कॅसेट होती. आमच्या पडवीत तो टेपरेकॉर्डर लावून बसला आणि तो भरलेला, जमिनीतून आल्यासारखा आवाज सुरू झाला. गंगेला थेट जाब. दोन्ही काठांवर लोक तळमळत आहेत, अक्षरशत्रू आहेत, उपाशी आहेत, आणि तू वाहतेस कशी? वाहतेस का? अण्णा दाराशी उभे राहून पूर्ण गाणं ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हा माणूस नदीशी भांडतोय." जरा थांबून म्हणाले, "पण विचारतोय तेच."

तेच म्हणजे कृष्णामाईतलंच, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या गाण्याचा प्रवासही पुढे कळला. हिंदी शब्द नरेंद्र शर्मांचे, पण गाणं आधी आसामी, आणि तिथे गंगा नव्हतीच. तिथे होता बुढा लुइत, म्हातारा ब्रह्मपुत्र. आणि त्याच्याही आधी होती अमेरिकेतली मिसिसिपी. १९२७ सालच्या 'शो बोट' या संगीत नाटकातलं 'ओल मॅन रिव्हर', चाल जेरोम कर्नची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. गोदीवर कापसाचे गठ्ठे उचलणारा काळा हमाल म्हणतो, आमची पाठ मोडते आणि हा म्हातारा काही बोलत नाही, नुसता वाहतो. ते पॉल रोबसन या काळ्या अमेरिकी गायकाने असं गायलं की गाणं त्याचंच होऊन गेलं. पुढे मैफलींत तर त्याने शब्दही बदलले. मूळ गाण्यातला हमाल जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला. रोबसनचा मरेपर्यंत लढत राहणारा. हजारिका न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, १९५२ साली तिथून डॉक्टरेट घेतली, त्याच काळात रोबसनची गाठ पडली, आणि तो म्हातारा त्यांच्याबरोबर बोटीत बसून आसामला आला म्हणा ना.

मला यात गंमत वाटते ती नदीच्या लिंगाची. मिसिसिपी म्हातारा, ब्रह्मपुत्र तर नावातच पुत्र, नदी नव्हे नद. हिंदीत आल्यावर गंगा झाली आणि बाई झाली. प्रश्न तोच, पण म्हाताऱ्याला विचारला की त्यात 'तुला काय त्याचं!' असतं, आणि आईला विचारला की 'तूसुद्धा?' असतं. अण्णांना भांडण ऐकू आलं ते म्हणूनच असणार. नदीशी भांडलेल्या या माणसाचं नाव पुढे पुलाला दिलं गेलं, आसामात ब्रह्मपुत्रेला मिळणाऱ्या लोहितवर, २०१७ साली. नऊ किलोमीटरांहून लांब आहे तो. आमच्या वाशिष्ठीवर आडवा घालायचा प्रश्नच नाही. बाजारपुलापासून काठाने उभा अंथरला तरी गोवळकोट मागे टाकून पुढे जाईल.

तर तीन नद्या, तीन भाषा, आणि तिन्ही गाण्यांत माणसाचं दुखणं एकच, की नदीला आपली खबर नाही. माडगूळकर ते मान्य करतात, रोबसन सोसतो आणि शेवटी उलटतो, हजारिका कॉलर धरतात. पण हे दुखणं असायला नदी तेवढी हवी. हजार मैलांवरून आलेली, रुंद, सावकाश, तुमच्या गावाकडे न बघता पुढच्या राज्यात जाणारी. कृष्णा चौदाशे किलोमीटर जाते, चार राज्यांतून. आमच्या नद्यांना कुठला आलाय एवढा वेळ? सह्याद्रीच्या कड्यापासून दर्या पन्नास-साठ किलोमीटरवर. सकाळी डोंगरावर पडलेला पाऊस संध्याकाळी खाडीत. नावं तरी बघा. खेडची जगबुडी. तिच्यावर प्रेमगीत कोण लिहील? संगमेश्वरची शास्त्री, ऐकलं की वाटतं आता संस्कृतचा तास सुरू होणार. काजळी, मुचकुंदी, गड. सावित्री तर कृष्णा-कोयनेची सख्खी बहीण, जुन्या महाबळेश्वरला एकाच देवळातल्या गोमुखातून निघालेली. त्या दोघी घाटावर राहिल्या, हिने पश्चिमेच्या कड्यावरून आमच्याकडे उडी घेतली. गाणं कृष्णेला मिळालं.

मग आम्ही म्हणतो काय? दुसऱ्यांच्या नद्या. आजी विहिरीच्या पाण्याने अंघोळ करताना पहिला तांब्या 'गंगे च यमुने चैव' म्हणूनच घ्यायची. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. सात नद्या त्या एका बादलीत उतरायच्या, कृष्णा त्यातसुद्धा नाही, तर वाशिष्ठीचं काय घेऊन बसलात. गणपतीत जाखडी नाचायला वाडीतली पोरं उभी राहतात, पायात चाळ, कमरेला शेला, गुडघ्यावर अजून शेतातल्या चिखलाचा राखाडी डाग, आणि गवळण सुरू होते ती यमुनेच्या काठावर. यमुना कोणी पाहिलेली नसते. पण मृदंग वाजायला लागला की ती आमच्या खळ्यात येते, हे मी शंभरदा बघितलंय. लहानपणी मला वाटायचं, यमुना म्हणजे गुहागरच्या बाजूची एखादी खाडी असणार.

आमचं स्वतःचं जे आहे ते नदीचं नाही, दर्याचं आणि वल्ह्याचं. आजी मुंबईहून बोटीने दाभोळला उतरायची आणि तिथून मचव्यातून खाडीने वर गोवळकोटला. केव्हा निघायचं ते घड्याळ नाही, तिथी सांगायची. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती पकडली तर पाणी स्वतःच वर नेणार, चुकली तर चिखलात रुतून चिपीच्या झाडांवरचे बगळे मोजत बसा. आजी सांगायची, तांडेल गायचा ते तुकड्यातुकड्यात, वल्हं पाण्यात पडताना एक शब्द, वर येताना श्वास, वल्हं पाण्यात पडताना पुन्हा एक शब्द. वल्हवणाऱ्या माणसाला सूर लांबवताच येत नाही, छाती रिकामी नसते. याच्या उलट बंगालचं भाटियाली. भाटी म्हणजे उतार, ओहोटी. उताराला लागलेल्या नावेत नावाड्याला काही काम नसतं, म्हणून तो एक सूर धरून ठेवतो, धरून ठेवतो, आणि पलीकडचा काठ इतका लांब असतो की तो सूर तिथे पोचायलाच वेळ लागतो. १९६३ च्या 'बंदिनी'च्या शेवटी सचिनदेव बर्मन स्वतःच्या त्या घोगऱ्या आवाजात मांझीला हाक मारतात. इकडे गंगेकाठचा धक्का, निघायला टेकलेली आगबोट, आणि धावत सुटलेली नूतन. ते मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा रडले होते, आणि रडता रडता मनात आलं होतं की आमच्या खाडीत हे जमलं नसतं. 'ओ रे' म्हणेपर्यंत दाभोळ आलं असतं.

आणि तरीही आमच्या दर्याचा राजा गंगेवरूनच आलाय. 'मी डोलकर' हे गाणं वाजलं नाही असं लग्न, असा ऑर्केस्ट्रा कोकणात शोधून दाखवा. त्यात लताबाईंच्या बरोबर आवाज हेमंतकुमारांचा. जन्म १९२०, वाराणसी. तेच हेमंतकुमार 'काबुलीवाला'त गंगा कुठून येते नि कुठे जाते असं विचारत फिरतात, आणि आमच्याकडे आले की डोक्याला रुमाल बांधून दर्याचे राजे होतात. शब्द शांताबाई शेळक्यांचे, त्या इंदापूरच्या, भीमेच्या खोऱ्यातल्या. चाल हृदयनाथांची, मंगेशकर तेवढे मंगेशीचे म्हणून आपल्या किनाऱ्याचे. हेमंतकुमारांचं 'डोलकर' कानाला कुठेतरी किंचित बंगाली लागतं, गोल गोल, रसगुल्ल्यासारखं, असं आमचा भाऊ म्हणतो. दाभोळला एका कोळणीला मी एकदा हे सगळं सांगितलं. ती बांगडे मोजत होती. म्हणाली, "राजा खयचाव असंना, गाना आमचा हाय ना?" आणि एक बांगडा जास्त टाकला. तो गाण्यासाठी की माझं तोंड बंद व्हावं म्हणून, कोण जाणे.

तक्रार करायला अंतर लागतं, असं मला वाटत होतं. आमची नदी जवळची, म्हणून तिच्यावर गाणं नाही, अशी माझी एक गोड समजूत मी करून घेतली होती. ती २२ जुलै २०२१ च्या पहाटेपर्यंत टिकली.

त्या पहाटेबद्दल चिपळूणकराने चिपळूणकराला काही सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्यांनी बातम्यांत बघितलंय. मला आठवतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे आवाज नव्हता. पूर म्हणजे गर्जना असं डोक्यात असतं. आमच्या घरात पाणी आलं ते मोरीच्या भोकातून, गुळण्या केल्यासारखं, आणि मग उंबऱ्यावरून, अगदी हळू, आधी चपला उचलून, मग पाट. संथ, हाच शब्द. जिन्याच्या पायऱ्या मी टॉर्च लावून मोजत होते. तिसरी गेली, पाचवी गेली, खाली अंधारात फ्रीज कधीतरी भिंतीला टेकला त्याचा एक मऊ धक्का बसला. नवव्या पायरीवर ती थांबली. वर माळ्यावर आम्ही पाच जण, आणि सहा वर्षांची सई बिस्किटं खात विचारत होती की सकाळी शाळा आहे का. धरणातून किती पाणी सोडलं, कधी सोडलं, सोडलं की नाही, उधाणाने खाडी किती तुंबली, नदीत गाळ किती साठला होता, यावर नंतर नाक्यानाक्यावर वाद झाले, अजून होतात. गाळ अजून काढतायत.

दुसरी गोष्ट म्हणजे वास. डिझेल, भिजलेली डाळ, शेण आणि औषधाच्या दुकानातलं काहीतरी, हे सगळं एकत्र. तो वास भिंतीतून जायला दोन पावसाळे गेले. खालच्या कपाटात अण्णांचा एक पत्र्याचा डबा होता. अण्णा तेव्हा नव्हते, आदल्या काही वर्षांतच गेले होते, आणि तेवढं बरं झालं असं आम्ही सगळेच एकमेकांना म्हणालो. डब्यात त्यांची जुनी पासबुकं, वीजघराचा बिल्ला आणि सात-आठ कॅसेट. पासबुकांचा लगदा झाला होता. कॅसेटांच्या काचेच्या खिडकीत, जिथून टेप फिरताना दिसते, तिथे चिखल गच्च बसला होता, बारीक, चॉकलेटी, पावडर लावल्यासारखा. एकीवर भावाच्या अक्षरात 'भूपेन ह.' लिहिलेलं तेवढं वाचता येत होतं. मी ती नळाखाली धरली. पाणी बराच वेळ चॉकलेटी येत राहिलं. वाळल्यावर पेन्सिल घालून फिरवून बघितली, अर्धा वेढा गेली आणि अडकली. ती टाकवत नाही. कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.

हे सगळं संमेलनात माझ्या हसण्यामागे होतं का? मला अजून नीट सांगता येत नाही. मागे ओरडला त्याचं दुकान मला माहीत आहे. कापडाचं. पुरानंतर आठवडाभर तो रस्त्यावर साड्या पिळत होता, पिळून दोरीवर टाकत होता, एकेक साडी सहा वार चिखल. त्याने विनोद केला तर हसायचं, एवढा शेजारधर्म तरी पाळायचा, असं असेल. किंवा बाबूजींच्या त्या इतक्या सुंदर शब्दाची कुणीतरी एकदाची टोपी उडवली याचा आनंद असेल. पदर ओढून घेतलेली बाई मात्र डोक्यातून जात नाही. तिचं काय बुडालं होतं, मी कधी विचारलेलं नाही.

सईचा प्रश्न तसाच राहिला होता. परवा रविवारी जेवताना ती माझ्यावर अजून थोडी रागावलेली होती, म्हणून मी तिच्या ताटात भाताचा लांबट डोंगर रचला. पलीकडे आमटी ओतली. महाबळेश्वर, हेळवाक, कराड, सगळं अण्णांच्याच क्रमाने सांगितलं, आणि भोक पाडायला तिचं बोट पुढे केलं. आमटी अलीकडे आली. मी विचारलं, "आता सांग, पुलाखालून कोण वाहतं?"

ती बराच वेळ ताटाकडे बघत बसली. "म्हणजे त्या दिवशी आपल्या घरात कृष्णामाईच आली होती?"

मी पाण्याचा पेला उचलला आणि पीत राहिले. तिने बोट आणखी आत घातलं. डोंगर अलीकडच्या बाजूने खचला, आमटी लोणचं घेऊन ताटाच्या काठापर्यंत गेली आणि तिथून माझ्या मांडीवर. आतून आई ओरडली, "अन्नाशी काय खेळता?"